काझा ते ग्राम्फू: पिकअपमध्ये कॉम्प्रेसर बसवताय? 150 पीएसआयचा आकडा विसरा

हिमाचलमधल्या स्पितीत किन्नौरमार्गे जाताना काझापर्यंतचा रस्ता छान आहे, जेवणखाण मिळतं, राहायला जागा मिळते. त्यावर पुष्कळांनी लिहिलंय, मी लिहीत नाही. मला लिहायचंय ते लोसार सोडल्यावर कुंझुमची खिंड ओलांडून बातल, छोटा दडा, छत्रूवरून ग्राम्फूला निघणाऱ्या रस्त्याबद्दल आणि त्या रस्त्यावर ऐन वेळी बंद पडलेल्या, टायरमध्ये हवा भरायच्या कॉम्प्रेसरबद्दल.

गाडी इसुझू व्ही-क्रॉस, मागे सामान. निघण्याआधी पुण्यात एका ॲक्सेसरीजच्या दुकानातून कॉम्प्रेसर बसवून घेतला. मागच्या हौद्यात पक्का, बॅटरीपासून वायर ओढून. दुकानदार छातीठोकपणे म्हणाला, "साहेब, 150 पीएसआयचा आहे, ट्रकचं टायरसुद्धा भरेल." पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक. नुसत्या वायरिंगचे साडेतीन हजार घेतले.

बातलनंतर रस्ता म्हणजे नदीचं पात्रच. गोटे, मधेच ओहोळ, पुन्हा गोटे. तिथे मागच्या डाव्या टायरमध्ये दगडाची धार घुसली. भोक ट्रेडमध्ये, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागात होतं, त्यामुळे पंक्चरची वात पटकन बसली. टायर मात्र रिकामं. कॉम्प्रेसर लावला, सात-आठ मिनिटं घरघरला आणि थांबला. हात लावला तर चटका. आतला थर्मल कटआउट, म्हणजे यंत्र फार तापलं की ते बंद करणारा स्विच, पडला होता. दाब दाखवणाऱ्या गेजवर 13 पीएसआय. थंड व्हायला वेळ दिला, पुन्हा लावला, पुन्हा पडला. इकडे ऊन चढत होतं. ऊन चढलं की वरचा बर्फ वितळून पुढचे नाले फुगतात, सकाळी घोट्याइतकं असलेलं पाणी दुपारी गुडघ्यावर जातं. माझा मामेभाऊ सारखा घड्याळ बघत होता.

सोडवलं ते मागून आलेल्या एका ट्रकवाल्याने. त्याने ब्रेकच्या हवेच्या टाकीला पाइप लावला, आमचं टायर बघता बघता उभं राहिलं. पैसे घेतले नाहीत.

आता हिशेब बघा, म्हणजे दुकानात कोणी तुम्हाला गंडवणार नाही. व्ही-क्रॉस, थार, हायलक्स यांच्या टायरमध्ये साधारण 55 ते 60 लिटर जागा असते. ते शून्यापासून 32 पीएसआयपर्यंत न्यायला समुद्रसपाटीवरची सुमारे 130 लिटर हवा लागते. माझ्या कॉम्प्रेसरच्या डब्यावर मिनिटाला 35 लिटर छापलं होतं, पण ते टायर न जोडता. दाबाविरुद्ध तो जेमतेम 12 द्यायचा. म्हणजे पुण्यातच अकरा मिनिटं. चार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या 60 टक्क्यांच्या आसपास असतो, पंप दर फेरीला त्याच प्रमाणात कमी हवा ओढतो, म्हणून तेच काम अठरा मिनिटांवर जातं. शिवाय विरळ हवेत यंत्र थंडही नीट होत नाही. यात 150 पीएसआय कुठेच कामाला येत नाही, तुम्हाला कधी 40 च्या वर भरायचंच नाही. विचारायचे प्रश्न दोनच: 30 पीएसआयच्या विरुद्ध मिनिटाला किती लिटर, आणि न थांबता किती वेळ. दुकानदाराला ही उत्तरं देता येत नसतील तर उठा.

वायरिंगचं तर बोलायलाच नको. बॅटरीपासून हौद्यापर्यंत पाच मीटर, परतीची धरून दहा, आणि घातली होती 2.5 चौरस मिमीची वायर. 25 अँपिअरला त्यात दीड व्होल्टहून जास्त घट होते. 10 चौरस मिमी घातली तर घट अर्ध्या व्होल्टच्या आत. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, कॉम्प्रेसरजवळ नको.

कुठला घ्यायचा, माझं मत स्पष्ट आहे. सिगारेट सॉकेटवर चालणारे पंप हॅचबॅकसाठी आहेत, त्या सॉकेटचा फ्यूजच बहुधा 10-15 अँपिअरचा असतो. बहुतेकांना बॅटरीला थेट चिमटे लावून चालणारा जुळ्या सिलिंडरचा पोर्टेबल पुरेसा आहे, फिटिंगचा खर्च वाचतो आणि दुसऱ्याच्या गाडीलाही वापरता येतो. इंजिन चालू ठेवूनच वापरा. कायमचा बसवायचाच असेल तर एआरबी कंपनीचा जुळ्या सिलिंडरचा उत्तम: टायर न जोडता मिनिटाला 174 लिटर, 29 पीएसआयला 130 च्या आसपास, आणि सतत चालवता येतो. महाग आहे, आणि 50 अँपिअरच्या आसपास ओढतो म्हणून वायर 16 चौरस मिमीची लागेल. त्यांचा एका सिलिंडरचा मिनिटाला 62 लिटरचा आहे, एकट्या गाडीला तोही चालेल.

सोबत पाच लिटरची हवेची टाकी गळ्यात मारतात ती घेऊ नका. 100 पीएसआयने भरलेली ती टाकी तुमच्या टायरला पाच-सहा पीएसआय देऊन रिकामी होते. एसीचा कॉम्प्रेसर हवेसाठी वळवून देणारे मेकॅनिकही भेटतील. जुन्या यॉर्क बनावटीत तेलाचं स्वतंत्र कुंड असायचं, म्हणून ते जमायचं. हल्लीच्यांना तेल गॅसबरोबर मिळतं, नुसती हवा ओढली की ते जाम होतात. कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर सगळ्यात झटपट, पण काझात ते भरून मिळेल असं धरून निघू नका.

कॉम्प्रेसर बसवायची जागा मागच्या सीटखालची. हौद्यात धूळ, चॅसिसखाली पाणी, इंजिनजवळ उष्णता. पाइप चारही चाकांपर्यंत पोचतो का, ते घरीच लावून बघा. गेज वेगळं ठेवा, चालू कॉम्प्रेसरवरचं गेज जास्त दाखवतं.

चंदीगडला 32 भरलेलं टायर कुंझुमवर, तापमान तेच असेल तर, पाच-सहा पीएसआय जास्त दाखवतं. पहाटेच्या थंडीत त्यातलं बरंचसं उतरतं. दुपारी आकडा बघून घाबरून हवा सोडत बसू नका. उलट वर हवा सोडली किंवा भरली असेल, तर मनालीला उतरलात की सकाळी पहिलं काम हवा भरायचं, नाहीतर हायवेवर मऊ टायरवर पळाल. आणि काझाहून पहाटे पाचला निघा, दुपारच्या आधी छत्रू ओलांडलेलं हवं. काझाचा पंप सोडला की ग्राम्फूपर्यंत डिझेलही नाही.