सायरन, रामरक्षा आणि मलिदा

“तिकडे एवढं चाललंय, मग परत का येत नाहीस?” जून २०२५मध्ये इस्रायल-इराण युद्ध सुरू असताना हा प्रश्न मला आईपासून शाळेतल्या बाईंपर्यंत सगळ्यांनी विचारला. विमानतळ बंद होता. भारतीय दूतावास आपल्या लोकांना जॉर्डन आणि इजिप्तच्या वाटेने बाहेर काढत होता. मी राहिले, त्याची कारणं घरी सांगून झाली आहेत, इथे पुन्हा उगाळत नाही. संकटात इथली माणसं देवाचा धावा कशी करतात, ते मात्र लिहायचं आहे.

मी बीरशेबाला राहते. इस्रायलच्या दक्षिणेचं, नेगेव वाळवंटातलं हे मोठं गाव. नव्या इमारतींत प्रत्येक घराला जाड भिंतींची एक खोली असते, तिला ममाद म्हणतात. आमची इमारत जुनी, त्यामुळे सगळ्यांना मिळून तळघरात एकच निवारा, मिकलत. तिथे जमणारी मंडळी एकेक नमुना आहेत. रशियातून आलेले एक गृहस्थ देव मानत नाहीत, ते फोनवर बुद्धिबळ खेळतात. मोरोक्कोकडच्या एक बाई सगळ्यांसाठी थर्मासमधून चहा आणतात. आणि पहिल्या मजल्यावरच्या आजी, बेने इस्रायल म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, मूळच्या पनवेलकडच्या. साठच्या दशकात आईवडिलांबरोबर इकडे आल्या, पण मराठी अजून अस्सल कोकणातली.

पहिल्या रात्री मी जिन्यातच रामरक्षा सुरू केली होती. आजींनी दंडाला धरून आत ओढलं. “आधी दार लाव पोरी, मग देवाचं नाव घे.”

पुढे कळलं की हे एकट्या आजींचं शहाणपण नाही. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत, धार्मिक ज्यू विजेचं बटणही दाबत नाहीत. पण जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ मोडावा, असं त्यांचं धर्मशास्त्रच सांगतं. म्हणून युद्धाच्या दिवसांत रेडिओवर एक मुकी वाहिनी असते. शुक्रवारी संध्याकाळी ती लावून ठेवायची. ती रात्रभर गप्प राहते, फक्त धोक्याची सूचना आली तर बोलते. देवावर भरवसा ठेवून रेडिओ बंद करावा, असं कुणाच्या डोक्यातही येत नाही. आपल्याकडे ‘देव बघून घेईल’ म्हणत हेल्मेट डिकीत ठेवणारे पाहिले की मला ही वाहिनी आठवते.

दार लागलं की आजी तेहिलीमची छोटी पोथी उघडतात. दीडशे स्तोत्रं आहेत त्यात. त्यांचं ठरलेलं १२१वं: मी डोंगरांकडे डोळे लावतो, माझी मदत कुठून येईल? बाजूला बसून मी ‘आपदामपहर्तारं’पर्यंत येते. दोघींचा सूर जुळत नाही आणि त्याने काही बिघडतही नाही.

आजींच्या लोकांची कथाच संकटातून सुरू होते. अलिबागजवळ नवगावला त्यांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं आणि वाचलेली मोजकी माणसं कोकणात राहिली, अशी परंपरा आहे. ग्रंथ बुडाले, भाषा विसरली, पण ‘शेमा इस्रायल’ ही प्रार्थना टिकली. पिढ्यान् पिढ्या तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून ते शनवार तेली. एवढं करून इस्रायलला आल्यावर इथल्या धर्मगुरूंनी लग्नाच्या वेळी त्यांच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली. बेने इस्रायलांनी जेरुसलेमला ठिय्या दिला आणि १९६४मध्ये सरकारने ते सर्व बाबतींत पूर्ण ज्यू असल्याचं स्पष्ट केलं. प्रार्थनाही केली असेलच, पण रस्त्यावर बसूनही राहिले.

१९ जूनला सकाळी इथल्या सोरोका रुग्णालयावर क्षेपणास्त्र पडलं. २४ तारखेला, युद्धविराम अगदी तोंडावर असताना, गावातल्या एका इमारतीवर थेट मारा झाला आणि चार माणसं गेली. सुरक्षित खोलीही थेट माऱ्यापुढे टिकत नाही. त्या दिवशी मी आजींना जरा रागातच विचारलं, त्यांनी काय स्तोत्रं म्हटली नसतील? आजींनी उत्तर दिलं नाही. त्यांच्याजवळ उत्तर असतं, तर माझा विश्वास कमी झाला असता असं वाटतं.

शिवाय गाझा इथून साधारण ४० किलोमीटरवर. तिथे सायरन नाही, तळघर नाही, आणि हाक तीच, अल्लाच्या नावाने. नेगेवमधल्या कित्येक बदाऊनी (वाळवंटातल्या अरबांच्या) वस्त्यांतही निवारे नाहीत. माझ्या प्रयोगशाळेतली बदाऊन मैत्रीण रोज सकाळी ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणत कामावर यायची. देव कोणाच्या बाजूने आहे, या चर्चेत मी पडत नाही.

युद्ध थांबल्यावर आजींचा नातू राखीव सैन्यातून घरी आला आणि आजींनी बोललेला मलिदा फेडला, दिमोनाला लेकीच्या घरी. मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, भोवती फळं आणि गुलाबाची फुलं. हा नवस एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे एलिया प्रेषितांचा. अलिबागजवळच्या खंडाळ्याला (घाटातलं नव्हे) त्यांच्या रथाच्या चाकांची खूण खडकावर आहे, असं हे लोक मानतात. प्रार्थना हिब्रूत, आणि “गूळ कमी पडलाय गं” ही तक्रार मराठीत. शेजारी बसलेल्या नातवाला दोन्हींतलं अर्धंच कळत होतं, तो मोबाइलवर फुटबॉलचा सामना बघत फळं खात होता. आजींनी त्याला एकदाही हटकलं नाही.

आई, डिसेंबरमध्ये कोणी इकडे येणार असेल तर जाडे पोहे पाठव. इथे मिळतात ते पातळ, भिजवले की लगदा होतो. आजींच्या धाकट्या नातीचाही नवस बोललेला आहे.