विनोग्राड्स्की स्तंभ: तीन बरण्या, बारा आठवडे

तळ्याकाठचा चिखल उंच, पारदर्शक बरणीत भरून उजेडात ठेवला की दोन-तीन महिन्यांत काचेवर रंगांचे पट्टे उमटतात. वरून रंग घालावा लागत नाही की बीज पेरावं लागत नाही. चिखलात आधीपासून असलेले सूक्ष्मजीव आपापल्या सोयीच्या खोलीवर वाढू लागतात, एवढंच. ही पद्धत सर्गेई विनोग्राड्स्की या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाची, १८८० च्या दशकातली. सूक्ष्मजीवशास्त्राची ओळख करून घ्यायला यासारखं दुसरं साधन नाही असं आमचं ठाम मत आहे, कारण एकाची टाकाऊ वस्तू दुसऱ्याचं अन्न कशी होते ते इथे नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

या खेपेला तीन बरण्या लावल्या. ‘अ’मध्ये पूर्ण खाद्य आणि उजेड. ‘ब’मध्ये तेच खाद्य, पण बरणी बाहेरून ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळलेली. ‘क’मध्ये नुसता चिखल, उजेडात. तुलनेला दुसरी बरणी नसेल तर एका स्तंभातले रंग सुंदर दिसतात, पण ते कशामुळे आले हे कळत नाही.

दिवस ०: भरणी

चिखल काठाजवळचा, पण पाण्याखालचा घ्यायचा. वरचा तपकिरी पापुद्रा बाजूला सारून खालचा काळा, कुजक्या अंड्याचा वास येणारा गाळ काढायचा. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. वास आहे म्हणजे हवे ते जिवाणू आहेत. तीन बरण्यांना साडेतीन लिटर गाळ पुरतो. ५ मिलिमीटर छिद्रांच्या चाळणीतून तो गाळून काड्या, खडे, गोगलगायी आणि किडे काढून टाकायचे. गोगलगाय राहिली तर काचेवरचा हिरवा थर ती खरवडून खाते आणि महिन्याभराची वाढ आठवड्यात साफ होते. तळ्याचं पाणी घालून गाळ चमच्यावरून सावकाश ओघळेल इतका सैल करायचा.

बरण्या ३० सेंटिमीटर उंच, ८ सेंटिमीटर व्यासाच्या. ‘अ’ आणि ‘ब’साठी प्रत्येकी ५०० मिलिलिटर गाळात वर्तमानपत्राच्या बारीक कपट्या ८ ग्रॅम, जिप्सम ५ ग्रॅम आणि कॅल्शियम कार्बोनेट ५ ग्रॅम मिसळलं. कागद म्हणजे सेल्युलोज, सगळ्या साखळीचं इंधन. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट; त्यातून गंधक मिळतं. कार्बोनेटमुळे कुजण्यातून तयार होणारी आम्लं मारली जातात.

इथे एक चूक वारंवार होते. कार्बोनेट म्हणून फळ्यावरचा खडू कुटून घालतात, पण आजकालचे बरेचसे खडू जिप्समचेच असतात. मग सल्फेट दुप्पट पडतं आणि आम्ल मारायला काहीच उरत नाही. खडूच्या भुकटीवर व्हिनेगरचा थेंब टाकून पाहा. फसफसलं तर कार्बोनेट, नाही तर जिप्सम. अंड्याची कवचं उकळून, वाळवून बारीक कुटली तरी चालतात. ही चाचणी वेगळ्या वाटीत करायची. चिखलात व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल कधीही घालू नये. सल्फाइडमधून विषारी वायू एकदम सुटतो.

तळाशी खाद्य मिसळलेला गाळ १० सेंटिमीटर, त्यावर साधा गाळ १० सेंटिमीटर, मग ५ सेंटिमीटर पाणी आणि वर ५ सेंटिमीटर मोकळी जागा. प्रत्येक थर भरल्यावर बरणीचा तळ घडी केलेल्या फडक्यावर आपटून हवेचे कप्पे काढायचे. तोंडावर प्लास्टिकची पातळ फिल्म, तिला टाचणीने सात-आठ भोकं. झाकण घट्ट लावू नका. आत कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजन आणि मिथेन तयार होतात, त्यांच्या दाबाने काच तडकू शकते.

उजेडाबद्दल थोडं सविस्तर, कारण अपयशाचं मुख्य कारण तेच. थेट ऊन नको; बरणी तापते आणि शेवाळ बाकीच्यांना गाडून टाकतं. खिडकीतला भरपूर पण अप्रत्यक्ष उजेड उत्तम. दिव्यावर वाढवणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की जांभळे गंधक जिवाणू ८०० ते ९०० नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश चांगला शोषतात आणि हिरवे गंधक जिवाणू ७५० च्या आसपासचा. पांढऱ्या एलईडीत हा भाग जवळजवळ नसतो. म्हणून एलईडीखाली शेवाळ भराभर वाढतं आणि जांभळा पट्टा रेंगाळतो. जुना तारेचा ४० वॉटचा बल्ब अर्ध्या मीटरवर ठेवला तर फरक पडतो. १८८० च्या दशकात थिओडोर एंगेलमान या जर्मन शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली वर्णपट पाडून पाहिला, तेव्हा जांभळे जिवाणू नेमके या न दिसणाऱ्या पट्ट्यात जाऊन गोळा झाले होते.

तापमान २२ ते २७ अंश सेल्सिअस राखलं. बरणीच्या एका बाजूला उभी मोजपट्टी चिकटवली. फोटो नेहमी त्याच बाजूचा.

आठवडा १

तिसऱ्या दिवशी पाणी गढूळ. पाचव्या दिवसापासून ‘अ’ आणि ‘ब’चा तळ तपकिरीचा करडा आणि मग काळा होत गेला. क्रम असा: ऑक्सिजनवर जगणारे जिवाणू आधी सगळा ऑक्सिजन संपवतात. मग क्लॉस्ट्रिडियमसारखे विनाऑक्सिजन जगणारे सेल्युलोज फोडून सेंद्रिय आम्लं आणि हायड्रोजन सोडतात. डिसल्फोव्हिब्रिओसारखे जिवाणू ती आम्लं खातात आणि ऑक्सिजनच्या जागी सल्फेट ‘श्वासात’ वापरतात. त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, तो चिखलातल्या लोखंडाशी जुळला की काळं आयर्न सल्फाइड बनतं. काळा रंग म्हणजे सल्फेट-श्वसन सुरू झाल्याची पावती. ‘क’मध्ये फक्त काही काळपट डाग.

‘ब’मध्ये गाळाला आडवी चीर पडली आणि वरचा भाग वायूने दोन सेंटिमीटर उचलला गेला. कागद जास्त झाला की हे हमखास होतं. ५०० मिलिलिटरला १० ग्रॅमच्या वर जाऊ नये, आणि आठ ग्रॅमसुद्धा एकाच जागी गोळा झाला तर बुडबुडा साठतो. उपाय म्हणून बारीक सळई बरोबर मधोमध खुपसून वायू सोडला. काचेलगत खुपसू नका, पट्टे तिथेच बनायचे असतात.

आठवडा २ ते ३

वरच्या पाण्याचा थेंब १०० पट आणि ४०० पट मोठा करून पाहिला. पॅरामीशियम, देठावर डोलणारे व्हॉर्टिसेला आणि डायटम हे एकपेशीय जीव, आणि कोपऱ्यांत थरथरणारे जिवाणूंचे ठिपके. लेव्हेनहूकने १६७६ मध्ये डेल्फ्टहून लंडनच्या रॉयल सोसायटीला अशाच चिमुकल्या जिवांचं वर्णन पाठवलं होतं, तेही एका भिंगाच्या साधनातून. पाहणं तिथे झालं; ते जीव काय करतात हे कळायला आणखी दोनशे वर्षं लागली.

‘अ’मध्ये पाण्याच्या पातळीला काचेवर निळसर हिरवा थर. त्यात ऑसिलेटोरियाचे धागे सावकाश सरकताना दिसतात. हे सायनोबॅक्टेरिया पाण्यापासून ऑक्सिजन काढतात. पृथ्वीच्या हवेत सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी ऑक्सिजन साठू लागला तो यांच्या पूर्वजांमुळे.

आठवडा ४ ते ६

चौथ्या आठवड्याअखेर ‘अ’मध्ये वरच्या गाळात, १८ सेंटिमीटर उंचीवर, गंजासारखे तांबूस ठिपके. हे गंधकावर पूर्ण अवलंबून नसलेले जांभळे जिवाणू. जास्त सल्फाइड त्यांना सोसत नाही म्हणून ते वर राहतात. सहाव्या आठवड्यात १२ ते १५ सेंटिमीटरच्या दरम्यान खरे जांभळे डाग. लांब टोकाच्या पिपेटने काचेलगतचा अर्धा मिलिलिटर काढला. पिपेटचा फुगा आत जाण्यापूर्वीच दाबून ठेवायचा. आत गेल्यावर दाबला तर हवा सुटते आणि तो डाग ऑक्सिजनने मरतो.

४०० पटीत जाड, सुमारे ५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद पेशी, आत चमकदार कण. क्रोमॅशियम गटातले जिवाणू. कण गंधकाचे. वनस्पती पाणी फोडतात तसे हे हायड्रोजन सल्फाइड फोडतात, त्यामुळे ऑक्सिजनऐवजी गंधक उरतं. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ कॉर्नेलिस व्हान नील यांनी ही तुलना मांडली आणि त्यावरून अंदाज बांधला की झाडांनी सोडलेला ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधून येत नसून पाण्यातून येतो. पुढे ते बरोबर ठरलं. प्रकाशसंश्लेषणाचा इतका मूलभूत मुद्दा चिखलातल्या जिवाणूंनी सोडवला, याचं आजही नवल वाटतं.

आठवडा ७ ते ९

जांभळ्याच्या खाली, ८ ते १० सेंटिमीटरवर, मळकट हिरवे डाग. हे शेवाळ नव्हे. क्लोरोबियमसारखे हिरवे गंधक जिवाणू. कमी उजेडात आणि जास्त सल्फाइडमध्ये ते तग धरतात, म्हणून खालचा मजला त्यांचा. पेशी एक मायक्रॉनहून बारीक, आणि गंधकाचे कण पेशीच्या बाहेर. क्रोमॅशियमपासून वेगळं ओळखायची ही सोपी खूण.

‘क’मध्ये फक्त तांबूस छटा. खाद्य नाही, सल्फाइड थोडा, म्हणून जांभळ्या-हिरव्याची जागाच तयार झाली नाही.

आता ‘ब’कडे. फॉइल मिनिटभर उघडली: बरणी वरपासून खालपर्यंत काळी, हिरवं-जांभळं काही नाही. पण गाळ आणि पाणी जिथे भेटतात तिथे कोळ्याच्या जाळ्यासारखा पांढरा पातळ थर. अंधारात वाढलेला! थेंब काचपट्टीवर घेतला तर लांब, रंगहीन, सरकणारे धागे, आत गंधकाचे कण: बेजिॲटोआ. खालून सल्फाइड, वरून ऑक्सिजन, दोन्ही जिथे थोडे थोडे मिळतात त्या मिलिमीटरभर जागेत तो राहतो.

आठवडा १० ते ११: विनोग्राड्स्कीचा प्रयोग

१८८७ मध्ये स्ट्रासबर्गला विनोग्राड्स्कीने याच धाग्यांवर काम केलं. बेजिॲटोआ सल्फाइडचं ऑक्सिडीकरण करून ऊर्जा मिळवतो हे त्याने दाखवलं. निर्जीव रसायनावर जगणारा सजीव ही कल्पनाच तोवर नव्हती. तो प्रयोग घरी होतो.

पांढऱ्या थराचा कण साध्या, सल्फाइड नसलेल्या तळ्याच्या पाण्यात दोनदा धुतला. काचपट्टीवर थेंब, वर १८ मिलिमीटरची कव्हरस्लिप (झाकायची पातळ काच), न दाबता. पट्टी ओल्या टिपकागदावर झाकणाच्या डबीत ठेवली, म्हणजे सुकत नाही. सुरुवातीला धागे कणांनी भरल्यामुळे काळपट दिसत होते. २४ तासांनी कण विरळ, ४८ तासांनी बहुतेक धागे पारदर्शक. मग कव्हरस्लिपच्या एका कडेला ‘ब’मधलं गाळालगतचं पाणी थेंबभर सोडून दुसऱ्या कडेने टिपकागदाने ओढून घेतलं. काही तासांत कण परत भरू लागले. धुतलं नाही तर कण रिकामे होत नाहीत. फार धुतलं तर धागे तुटून मरतात. दोनदाच. कण गंधकाचेच आहेत ना, हे पाहायला दुसऱ्या पट्टीवर निर्जल अल्कोहोल सोडायचं, कण विरघळतात.

इथे इतिहासाचा एक फाटा समजून घेण्यासारखा आहे. रॉबर्ट कॉखने १८८१ मध्ये घन माध्यमावर शुद्ध वाढ घेण्याची पद्धत दाखवली, फॅनी हेसे यांच्या सूचनेवरून माध्यम घट्ट करणारं अगार आलं, १८८७ मध्ये पेट्रीची बशी आली. रोगजंतू शोधायला ही पद्धत अमोल ठरली. पण मातीतले बहुसंख्य जिवाणू नेहमीच्या बशीवर वाढतच नाहीत. विनोग्राड्स्की आणि डेल्फ्टचा मार्टिनस बायरिंक यांनी उलट वाट धरली: जिवाणूला हवी ती परिस्थिती तयार करा, तो स्वतः वर येईल. बायरिंकने १८८८ मध्ये शेंगावर्गीय झाडांच्या मुळांच्या गाठींतले नत्र स्थिर करणारे (हवेतलं नत्र झाडाला वापरता येईल अशा रूपात आणणारे) जिवाणू वेगळे केले होते, आणि या उलट वाटेने विनोग्राड्स्कीने १८९० च्या सुमारास अमोनियाचं नायट्रेट करणारे वेगळे केले. मातीतलं नत्राचं चक्र कोण फिरवतं, हे असं कळलं.

आठवडा १२: आजची स्थिती

‘अ’चे पट्टे खालून वर: काळा ० ते ८ सेंटिमीटर, हिरवा ८ ते ११, जांभळा ११ ते १६, तांबूस १६ ते १९, वर तपकिरी पापुद्रा. बाष्पीभवनाने पाणी दर आठवड्याला साधारण अर्धा सेंटिमीटर उतरतं. ते २४ तास उघडं ठेवलेल्या पाण्याने, चमच्याच्या पाठीवरून ओतून भरायचं. पापुद्रा ढवळला तर आठवडा वाया.

बरण्या उघडताना खिडकी उघडी हवी. सल्फाइडचा वास काही वेळाने नाकाला जाणवेनासा होतो. वास गेला म्हणजे वायू गेला असं समजू नये. हाताला जखम असेल तर हातमोजे, नंतर साबणाने हात धुणं. यातलं काहीही पोषक बशीवर ३७ अंशांना वाढवू नका; त्या तापमानाला शरीरात राहू शकणारे जिवाणू निवडले जातात. ‘क’ आता मोडतो आहोत: गाळ तळ्यात परत न टाकता मातीत हातभर खड्डा करून पुरायचा.

‘ब’ची फॉइल आज कायमची काढली. सल्फाइड भरपूर साठलेला आहे, उजेड नव्याने मिळतो आहे, त्यामुळे इथे हिरवा आधी येतो की जांभळा हे पाहायचं आहे. पहिला ठिपका दिसेल ती उंची तारखेसह काचेवर लिहू.