मामांची ए-फ्रेम आणि आमची दोन फुटी वाट

माझी पहिली सायकलवाट वळवाच्या एका सरीत वाहून गेली. चौघांनी मिळून तीन रविवार खोदलेली.

कोरेगाव तालुक्यात मामांची डोंगरपड आहे. गवताळ, मधूनमधून बोरी-बाभळी, वर मुरूम आणि खाली काळा पाषाण. माउंटन बाइक घेतल्यावर दोन वर्षं मी साताऱ्यात यवतेश्वरचा घाटच चढत-उतरत होतो, म्हणजे डांबरावर. जाड टायरची ती सायकल डांबरावर चालवणं म्हणजे नांगर खांद्यावर टाकून बाजारात हिंडणं. कासच्या पठारावर का जात नाहीस, असं लोक विचारायचे. पश्चिम घाटाच्या ज्या जागा 2012 मध्ये जागतिक वारशात गेल्या त्यांत कास आहे, आणि तिथं जांभ्यावर जेमतेम बोटभर माती असते. सगळी फुलझाडं तेवढ्यावर जगतात. तिथं चाक घालणाऱ्याशी मी स्वतः भांडेन.

म्हणून मामांना विचारलं. डोंगर मालकीचा, तेव्हा बाकी कुणाची हरकत नव्हती. मामांनी एकच अट घातली: "आरं, कर की वाट. पन डोक्यावर गवताचा भारा घिऊन तुजी मामी त्या वाटनं उतरली पायजे." तेव्हा मला ती अट सायकलीशी संबंध नसलेली वाटली.

2021 च्या डिसेंबरात आम्ही वरच्या बाभळीपासून खालच्या गोठ्यापर्यंत सरळ रेघ मारली. उतार चांगलाच तीव्र, चार मीटर पुढं गेलं की एक मीटर खाली. वरून खाली यायला मिनिटभर लागायचं आणि ते सगळं मिनिट दोन्ही ब्रेक दाबून काढायचं. बोटं आखडायची, मागचं चाक अडकून मुरूम खरवडत जायचं. खाली पोचल्यावर आम्ही एकमेकांना टाळ्या द्यायचो, पण ती मजा नव्हती, वाचल्याचा आनंद होता. चाकांनी खरवडलेली चर तयार झाली आणि मेमध्ये वळीव आला. पाण्याला आयता पाट मिळाला. दुसऱ्या दिवशी तिथं गुडघाभर खोल ओघळ होता. मामा कडेला उभे राहून म्हणाले, "भाचेबुवा, सायकलीसाठी खांदली का वढ्यासाठी?"

त्यांना हसायचा हक्क होता. 2016 मध्ये पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप, म्हणजे गावांनी पाणी अडवायची-जिरवायची स्पर्धा झाली, तेव्हा राज्यातल्या ज्या तीन तालुक्यांत ती होती त्यात कोरेगाव होता, आणि पहिला नंबर याच तालुक्यातल्या वेळूनं काढला. त्या उन्हाळ्यात मामांनीही समतल चर खोदायला हात लावला होता. गोठ्याच्या आढ्यावर तेव्हापासून पडून असलेली ए-फ्रेम त्यांनी काढली. दोन बांबूंचे पाय, मधे आडवी पट्टी, शेंड्याला सुतळी आणि सुतळीला दगड. दोन्ही पाय सारख्या उंचीवर असले की सुतळी पट्टीच्या मधल्या खुणेवर येते. असं एक एक पाऊल टाकत गेलं की डोंगराच्या अंगावर समपातळीची रेघ मिळते.

आम्हाला सपाट रेघ नको होती, हळूहळू उतरणारी हवी होती. पाय दोन मीटर अंतरावर होते. मामांनी पुढच्या पायाला बारा सेंटिमीटर लांबीचा लाकडी तुकडा जोडला. आता सुतळी मधे आली की पुढची जागा बरोबर बारा सेंटिमीटर खाली, म्हणजे शंभराला सहा. वाटा बांधणाऱ्या सायकलवाल्यांचा एक ठोकताळा मी वाचला होता: वाटेचा उतार डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको आणि सरासरीनं शंभराला दहाच्या आत असावा. मामांनी यातलं काही वाचलेलं नव्हतं. गुरं बघून ते तिथंच आले. "गाय कधी सरळ उतरती का?"

पुढचे दोन हिवाळे खोदण्यात गेले. टिकाव, फावडं, पहार, घमेली. आतल्या अंगाला डोंगर कापायचा आणि निघालेली माती खाली फेकून द्यायची. वाट पूर्ण घट्ट जमिनीवर बसली पाहिजे, भरावावर नाही, कारण भराव बाहेरच्या कडेनं सुटतो. बाहेरची कड आतल्यापेक्षा इंचभर खाली ठेवायची. ती बरोबर झाली का हे बघायला मामा तांब्याभर पाणी ओतायचे. पाणी आडवं जाऊन कडेवरून गवतात उतरलं तर पुढं चालायचं. वाटेनं लांब धावलं तर पुन्हा फावडं.

दर पंधरा-वीस मीटरवर वाट दोन पावलं चढवायची, हेही मामांचंच. वाटेनं येणारं पाणी त्या चढापाशी अडतं आणि खोलगट जागेतून बाहेर निघून जातं. मला ते चढ रुचले नव्हते. उतरताना मधेच चढ कशाला, वेग मोडेल, असा माझा हट्ट. पहिले पाच खोलगे पुरे झाले आणि मी सायकल उताराला सोडली तेव्हा कळलं. खोलग्यात उतरताना हातापायांनी सायकल खाली रेटायची, चढाच्या माथ्यावर अंग हलकं सोडायचं, नेमकं झोपाळ्यावर करतो तसं. पायडल एकदाही न मारता सायकल पुढच्या खोलग्यात पळत जाते. तिथून तिसऱ्यात. पाणी घालवण्यासाठी केलेल्या खड्ड्यांनी वाटेला ताल दिला होता आणि माझी बोटं ब्रेकवर नुसती टेकलेली होती.

सगळ्यात जास्त छळलं बोरीच्या वळणानं. तिथं वाट उलटी फिरते. आधी आम्ही उतार तसाच वळणात घुसवला होता. प्रत्येक जण आयत्या वेळी ब्रेक मारायचा आणि महिन्याभरात वळणाआधीची जमीन पन्हळी पत्र्यासारखी झाली. दात वाजायचे. कुणी म्हणालं सिमेंट टाकू. शेवटी वळणाच्या अलीकडं मीटरभर उंचीचा चढ दिला, वेग आपोआप मरतो. बाहेरच्या बाजूला दगड रचून वर मुरूम चढवला. कोरडा मुरूम धुमसानं कितीही ठोका, बसत नाही, म्हणून खालून कॅननं पाणी वाहिलं. माझ्या मते अख्ख्या वाटेतलं उत्तम काम ते आहे. सायकल त्या उंच कडेवर टेकली की वळण तुम्हाला उचलून पलीकडं ठेवतं.

रुंदीवरून भांडणं झाली. हातगाडी नेता यावी म्हणून खालच्या टप्प्यात तीसेक मीटर वाट मी चार फूट केली. शहाणपणा माझाच. बाकी ठिकाणी दोन फुटांत मनुष्य सरळ पुढं बघतो, गवत गुडघ्यांना घासतं आणि ताशी पंधराचा वेग तीसचा वाटतो. रुंदीत आलं की हात सैल, नजर इकडंतिकडं. त्याच टप्प्यात मी सुट्या मुरुमावर घसरलो आणि कोपराची साल गेली. नंतर बाहेरची दोन फुटं दगड टाकून बंद केली. पुढच्या पावसात गवतानं ती परत घेतली.

फांद्या मात्र छाटल्या, वळणांच्या आतल्या अंगाच्या, गुडघ्यापासून डोक्यापर्यंत. पुढचं दिसलं तरच माणूस सायकल सोडतो. शिवाय समोरून भारा येऊ शकतो.

आता वाट एक किलोमीटर तीनशे मीटरची आहे. मिनिटभराच्या उताराची पाच मिनिटं झाली. पावसाळ्यात आम्ही ती बंद ठेवतो. ओल्या मुरुमात चाकाची चर पडली की पुन्हा पहिल्या वाटेची गोष्ट. सराट्याच्या काट्यांनी टायरमधला पंक्चर बुजवणारा रस संपवला, ते वेगळं. अकरा वर्षांची भाची पायडल मारत, थांबत उतरते आणि आमच्यातला तरबेज गडी त्याच खोलग्यांवरून उड्या मारतो. दोघंही खाली येऊन परत वर जायला निघतात.

मामी भारा घेऊन याच वाटेनं येतात. मागच्या कार्तिकात बोरीच्या वळणावर मी त्यांच्या पुढ्यात निघालो. थांबलो वेळेत, पण भाऱ्याखालून जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही. सोमवारी कोरेगावच्या बाजारातून बैलाच्या गळ्यातली एक घुंगुरमाळ आणली आणि हँडलला बांधली. माणसं आता लांबूनच बाजूला होतात. गोठ्यातली तांबडी गाय मात्र मी उतरायला लागलो की दावं ताणून उभी राहते, आणि सायकल दिसली की परत बसते.