वॉशर जुनाच

"मिस्तरी, ब्रेक बघा जरा. पॅडल खाली जातंय, अन् दाबलं की गाडी डावीकडं ओढती."

भाद्रपद होता, पाऊस ओसरत आलेला. हे सांगणारे बाबा माझं जुनं गिऱ्हाईक. त्यांची जीप म्हणजे 1989 ची महिंद्राची एमएम 540, डिझेल, फोर बाय फोर. आषाढ-श्रावणात भंडारदऱ्याहून घाटघर, साम्रदकडे पर्यटक फिरवायचे आणि बाकीचं वर्ष दुधाचे कॅन वाहायचे, असा तिचा धंदा. वाटेतल्या एका गॅरेजात दोन महिन्यांत दोनदा ब्रेक शू, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे तुकडे, बदलून झाले होते. बाबा वैतागलेले, आणि त्यात चूक काहीच नव्हती.

शू दोनदा बदलूनही जी गाडी सुधारत नाही, तिचा ब्रेक मी आधी उघडत नाही. डावं पुढचं चाक जॅकवर घेतलं, खाली घोडी लावली. घड्याळात बारा आणि सहा जिथे असतात तिथे टायरला हात घालून हलवलं. खडक, खडक.

"किंगपिन गेलं," पोरगा लगेच म्हणाला. किंगपिन म्हणजे ज्याच्यावर पुढचं चाक डावी-उजवीकडे वळतं तो खिळा. पोराला माझ्याकडे येऊन आठ महिने झालेत, निदान पटकन करतो.

"आत बस आणि ब्रेक दाबून धर."

त्याने दाबला. मी पुन्हा हलवलं. खेळ गायब. ब्रेक दाबला की ड्रम आणि मागची प्लेट जणू एकच होतात. तरीही चाक हलत राहिलं तर दोष किंगपिनचा, थांबलं तर व्हील बेअरिंगचा. बेअरिंग ढिलं म्हणून ड्रम तिरका डुलत होता, शूंना मागे ढकलत होता. मग पॅडल खाली जाणारच.

चाक आणि ड्रम काढला, टोपी काढली, सर्कलिप काढली, तोंडावरच्या चकतीचे, फ्लँजचे, सहा बोल्ट सोडले. ह्या जुन्या जीपांच्या स्पिंडलवर, म्हणजे चाक ज्याच्यावर फिरतं त्या दांड्यावर, दोन मोठे षटकोनी नट असतात आणि दोघांच्या मधे पत्र्याचा लॉक वॉशर. आतल्या नटाने बेअरिंगचा ताण बसवायचा, बाहेरच्याने तो जागेवर धरायचा. मी बॉक्स पाना लावायला गेलो आणि बाहेरचा नट बोटांनीच फिरला. त्याच्यासोबत वॉशर फिरला, वॉशरसोबत आतला नट. फ्लँज आडवी होती म्हणून दोन्ही नट पार निघून आले नव्हते, एवढंच. ह्याच चाकावर बाबा सहा-सात माणसं भरून घाट उतरले होते.

हब, म्हणजे चाकाचा मधला गाभा, ओढून काढला. ग्रीस दह्यासारखं पांढरं. ओढ्यात घातलेल्या गाडीचं असंच होतं. उतारावर ब्रेक मारून हब तापलेला असतो, तो थंड पाण्यात गेला की आतली हवा आक्रसते आणि जुन्या सीलच्या कडेने पाणी आत ओढून घेते. बाहेरच्या बेअरिंगचे रोलर निळे-जांभळे झालेले, कपावर, म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगेवर, देवीच्या व्रणांसारखे खड्डे. आतली रिंग स्पिंडलवरच फिरत राहिल्याने तिथे नखाला लागेल एवढी खाच पडलेली.

वॉशर धुऊन उजेडात धरला. त्याच्या आतल्या कडेला एक जीभ असते, ती स्पिंडलच्या खाचेत बसते म्हणून वॉशर फिरत नाही. ती जीभच नव्हती. तुटलेली जागा काळी, जुनी. जिभेविना वॉशर म्हणजे दोन नटांमधला नुसता पत्रा.

"कोणा अडाण्याने बसवलाय हा?" मी मोठ्याने म्हणालो. बाबा काही बोलले नाहीत.

मग नट हातात फिरवून पाहिले. आमच्याकडे बहुतेक जण हे नट छिन्नी-हातोडीने ठोकून फिरवतात, कारण एवढा मोठा बॉक्स पाना कोणी विकत घेत नाही. छिन्नीचे घाव नटांच्या कोपऱ्यांवर कायमचे राहतात. ह्या नटांवर एकही घाव नव्हता. आसपास तो पाना माझ्याकडेच आहे.

टेबलाच्या खणातलं रजिस्टर काढलं. दोन वर्षांपूर्वीचा एक रविवार, माझंच अक्षर: "पुढचे दोन्ही हब, ग्रीस. डावा वॉशर जुनाच." दुकानं बंद असतील, बाबांना संध्याकाळी दुधाला पोचायचं असेल. नंतर नवा टाकू म्हटलं असेन. मी ते पान बाबांपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "मीच घाई केली आसंल."

स्पिंडल नाशिकहून जुन्या स्पेअरच्या दुकानातून आणवला. दोन्ही बेअरिंग कपांसकट नवी. नुसतं बेअरिंग बदलून जुना कप ठेवणारेही भेटतात, त्यांच्याशी वाद घालणं मी सोडलंय. जुने कप पितळी गजाने चहूबाजूंनी थोडे थोडे ठोकून काढले. उजवीकडची बेअरिंगं चांगली होती, ती रॉकेलने धुऊन घेतली. पोराला हवेच्या नळीने बेअरिंग गरगर फिरवायची हौस. शिट्टीसारखा आवाज येतो म्हणून. एकदा पिंजरा फुटून रोलर तोंडावर आला की कळेल, म्हणून आधीच रागावलो.

ग्रीस मात्र त्यालाच भरायला लावलं. डाव्या तळव्यावर लिंबाएवढा गोळा घ्यायचा, बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहायची, रोलरांमधून दुसऱ्या बाजूने ग्रीसच्या शेवया बाहेर येईपर्यंत. वरून चोपडलेलं ग्रीस दिसायला भरपूर असतं, रोलरपर्यंत पोचत नाही.

ताण मी बसवला. हब फिरवत फिरवत आतला नट आवळायचा, हब जड झाला की एक षष्ठांश फेरा मागे. नट षटकोनी, म्हणजे बरोबर एक बाजू मागे. मग नवा वॉशर, जीभ खाचेत, बाहेरचा नट, आणि वॉशरची कड नटावर वाकवायची. उजवीकडचा वॉशर धड होता, तरी तोही नवा टाकला. मजुरी घेतली नाही, सामानाचे पैसे बाबांनी बळेच दिले.

"बाजाराच्या दिवशी या. नवी बेअरिंगं चालून जराशी दबतात, एकदा बघावं लागतं. आणि गाडी थांबली की हबला हात लावून बघत जा."

बाबा आले ते उतरून थेट चाकापाशी. एका हबवर तळवा, मग दुसऱ्यावर.

"डावा जास्त तापतोय, मिस्तरी."

माझ्या पोटात गोळा आला. चाक उचललं, बारा-सहावर धरून हलवलं. खेळ नाही. फिरवलं तर आतून बारीक सूं सूं. ड्रम काढला. शू घासत होता. मीच तो ड्रमच्या जास्त जवळ चढवून ठेवला होता.

"मी पयल्यापासनं ब्रेकच म्हणत होतो," बाबा म्हणाले आणि समोरच्या हॉटेलात तीन चहा सांगायला गेले.