बाबांची गाडी, माझं वायरिंग

जून ते ऑगस्ट ओमानमध्ये दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावरचं काम बंद ठेवायचा नियम आहे. मस्कतच्या वादी कबीर भागातल्या आमच्या गॅरेजचं निम्मं काम यार्डात चालतं, म्हणून हे तीन तास मी एसीखाली आडवा पडून सुट्टीतले फोटो बघत असतो. फोटो म्हणजे काय, तर वायरी. देवगडला दीड महिना राहिलो आणि समुद्राचा एकही फोटो काढला नाही, यावरून बायको अजून बोलते.

गावात मला ‘मस्कतचो इंजिनेर’ म्हणतात. मी ट्रकचा इलेक्ट्रिशियन आहे, पण हे सांगून उपयोग होत नाही. या वेळी त्या पदवीची परीक्षाच झाली. मांगराच्या बाजूला झापांखाली बाबांची टाटा १२१० उभी आहे. चिरे घेऊन ती फोंडा घाटातून कोल्हापूरला जायची, हंगामात आंब्याच्या पेट्या घेऊन वाशीला. गुडघे गेले तशी बाबांनी गाडी लावली, त्याला १२ वर्षं झाली. शेजारचे काका म्हणाले, “किलोर इकून टाक रे, भंगारवालो घराकडे येता.” बाबा काही बोलले नाहीत. उठून गोठ्याकडे गेले.

मी गाडी चालू करायचं ठरवलं. जाम झालेल्या इंजिनाचं काम मिस्त्रींनी केलं. डिझेल फवारणारे सगळे नोझल काढून सिलिंडरांत डिझेल आणि ऑईल ओतलं, दोन दिवस मुरू दिलं, मग फ्लायव्हीलला पहार लावून जोर दिला. तिसऱ्या दिवशी पाव फेरा हलली. टाकीतल्या डिझेलचा डिंक झाला होता, तो खरवडून काढला आणि फिल्टर नवे घातले. या जुन्या गाड्यांचं एक बरं असतं. पंप यांत्रिक, त्यामुळे एकदा इंजिन लागलं की विजेशिवाय चालू राहतं. बंद करायला दोरी ओढायची. जमशेदपूरला १९५४ पासून १५ वर्षं मर्सिडीज-बेंझच्या कराराने ट्रक बनत. १९६९ साली करार संपला आणि नाकावरचा तारा गेला, पण तोंडवळा तोच राहिला. बाबांच्या गाडीचं नाक अजून तसंच गोल आहे.

विजेचं काम माझ्याकडे आलं. मस्कतला असं वायरिंग आलं तर आम्ही पंधरा मिनिटंही घालवत नाही, अख्खं हार्नेस, म्हणजे वायरींचा सगळा जुडगा, कापून नवं मागवतो. मुलांना माझी ताकीद आहे, दोन कनेक्टरच्या मध्ये जोड दिसला तर पगार कापीन. (कापत नाही.) इथे डॅशबोर्ड उघडला तर आत उंदराने घरटं केलेलं, मीटरमध्ये गांधीलमाशीची माती आणि जोडच जोड. मोजले, ४७ निघाले. काहींवर सायकलची ट्यूब गुंडाळलेली, काहींवर मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉन दोरा. मागच्या दिव्याला तर चक्क घरगुती फिटिंगची पिवळी वायर, एकाच जाड तारेची. गाडीला अशी वायर कधी घालू नये. हादऱ्यांनी ती आतून मोडते, म्हणून तर गाडीच्या वायरीत बारीक तारांचा झुबका असतो.

“बाबा, ही खयची वायर?”

“घरातली. नव्या खोलीची फिटिंग केली तेव्वा उरलली, बंडल केबिनात पडलला. घाटात पाठली लाईट गेली, पाऊस धो धो, पाठसून एष्टी येय होती. काय करतलंय?”

मग प्रत्येक जोडाला मी तेच विचारत गेलो आणि ते सांगत गेले. ही वैभववाडीची, ही पनवेलच्या अलीकडची, ही तुझ्या बारावीच्या निकालादिवशीची. मी कटर हातात घेऊन ऐकत बसायचो. दिवसाला जेमतेम दोन-तीन वायरी निघायच्या.

नव्या वायरी आणि त्यांच्या टोकांना बसवायचे थिंबल कणकवलीहून आणले. मस्कतच्या २४ व्होल्टच्या ट्रकांची सवय लागलेली, तर ही गाडी १२ व्होल्टची. तेवढाच उजेड हवा असेल तर दुप्पट करंट लागतो आणि वायरही तशी जाड लागते, हे विसरून मी पहिल्यांदा बारीक वायर घेऊन आलो. कणकवलीची आणखी एक फेरी.

सगळं जोडून सेल्फ मारला, तर नुसतं ‘कट्’. बॅटरी नवी, १२.६ व्होल्ट दाखवत होती. मिस्त्री म्हणाले सेल्फ गेला, कोल्हापूरला पाठवूया. मी मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, दुसरी इंजिनाच्या ब्लॉकला, आणि पुतण्याला चावी फिरवायला सांगितलं. ३ व्होल्ट. तिथे अर्ध्या व्होल्टच्या वर दिसता कामा नये. इंजिन आणि चासी यांच्यामधली अर्थिंगची पट्टी खाऱ्या हवेने हिरवी पडून आतून पोखरली होती. सेल्फ तीनेकशे अँपिअर ओढतो. अशा वेळी ओहमचा शंभरावा भाग अडला तरी ३ व्होल्ट तिथेच जिरतात. मस्कतलाही समुद्र आहे, पण तिथे वायरी उन्हाने तडकतात. असा हिरवा भुगा मी कोकणातच बघतो. पट्टी बदलली, चासीचा रंग खरवडून लोखंड उघडं केलं, बोल्ट आवळून वर व्हॅसलीन फासलं.

हातपंपाने डिझेलच्या नळीतली एअर काढली आणि पुन्हा चावी फिरवली. चौथ्या खेपेला गाडी खोकली, पांढऱ्या धुराने मांगर दिसेनासा झाला, आणि लागली. बाबा पायरीवरून काठी टाकून केबिनमध्ये कसे चढले ते मी बघितलंच नाही. रेस करून त्यांनी आधी हॉर्न वाजवला. काका कुंपणापाशी आले आणि नुसते बघत उभे राहिले.

रस्त्यावर नेता येणार नाही. पासिंग संपून जमाना झाला आणि तो खर्च करण्यात अर्थही नाही. बागेतल्या वाटेवर ती दोनशे मीटर जाते नि येते. बायकोने एकूण खर्चाचा आकडा विचारला होता, मी वायरीचा तेवढा सांगितला.

काढलेल्या वायरींचा ढीग मी जाळणार होतो. बाबांनी पिवळी तेवढी वेगळी काढली, पडवळाचा मांडव बांधायला.

परवा शुक्रवारी फोन केला. दर रविवारी दहा मिनिटं चालू करतात म्हणे. मी विचारलं, दिवे सगळे लागतात ना?

“डावो इंडिकेटर बंद पडललो. उंदरान वायर खाल्ल्यान.”

“मग?”

“मग काय, मांडवाची सोडलंय नि लावलंय.”