पिशवीला लाईट देताना: आज कोणता प्लॅन?

लाईट, म्हणजे रेडिएशन, घ्यायला येताना प्रोस्टेटच्या पेशंटला लघवी रोखून यायला सांगतात, तर मूत्राशयाच्या कॅन्सरवाल्याला बहुधा लघवी करून. वेटिंगमध्ये शेजारी बसलेले दोघं हमखास गोंधळतात. पिशवी, म्हणजे मूत्राशय, रिकामी असली की आकार लहान राहतो, आतड्याला डोस कमी लागतो. पण 'रिकामी' रोज सारखी नसते. साताऱ्याहून एसटीनं येणाऱ्याने मे महिन्यात वाटेत पाणी टाळलं तर पिशवी आक्रसलेली. दुसऱ्या दिवशी स्वारगेटला चहा झाला आणि मशीन उशिरा मिळालं की फुगलेली.

पूर्वी यावर उपाय एकच, पिशवीभोवती सगळीकडून दीड-दोन सेंटिमीटर मार्जिन, म्हणजे लाईट द्यायची जादा जागा. पिशवी मात्र मुख्यतः वर आणि पुढे फुगते, खाली फारशी हलत नाही. म्हणजे खाली नाहक डोस आणि वर तरीही कमी पडण्याची भीती.

म्हणून प्लॅनिंगच्या दिवशी लघवी केल्यावर लगेच एक सीटी आणि अर्ध्या तासाने दुसरा काढतात. त्यांवरून लाईट कुठे द्यायची याचे लहान, मध्यम, मोठा असे तीन प्लॅन तयार ठेवतात. रोज टेबलावर कोन बीम सीटी (लाईटच्या मशीनवरच निघणारा सीटी) घ्यायचा आणि पूर्ण पिशवी सामावेल असा सर्वांत लहान प्लॅन निवडायचा. बीम चालू असतानाही लघवी साठते, तेवढी दोन-तीन मिलिमीटर जागा सोडून. खरी कसोटी इथेच. चित्र धूसर असतं, पिशवीला चिकटलेलं आतड्याचं वेटोळं भिंतीसारखं दिसतं. शंका आली की 'मध्यम'वर बोट ठेवायची सवय लागते, मग तीन प्लॅन करून उपयोग काय? दोघांनी स्वतंत्रपणे निवडून ताडून पाहावं. मोठ्यातही मावत नसेल तर पेशंटला उतरवून लघवी करायला पाठवावं. गुदाशयात गॅस असेल तर तो जाऊ द्यावा आणि पुन्हा स्कॅन करावा. असं वारंवार होत असेल तर सरळ नवा सीटी.

55 ग्रे (ग्रे हे डोस मोजायचं एकक) 20 वेळांत देताना एखादा दिवस थोडा चुकला तर निभावतं. वयस्कर, थकलेल्या पेशंटला आठवड्यातून एकदा, 6 वेळांत 36 ग्रे देतात. तिथे एक चूक म्हणजे सहावा हिस्सा.

टेबलावरच नवा प्लॅन बनवणारी मशीनही आहेत. ब्रोशरमध्ये छान दिसतं, पण आखणी-तपासणीत वीसेक मिनिटं जातात आणि तोवर पिशवी वाढते. बीमच्या आधी पुन्हा चित्र हवंच.

लघवी अडखळत होत असेल, केल्यावरही साठून राहत असेल, तर टेक्नॉलॉजिस्टला आधीच सांगा. बद्धकोष्ठ असेल तर तेही. पाणी पिणं मात्र तोडू नका; दाट लघवीने जळजळ वाढते.