फेअरीपोर्टची चौथी बाजू वाजली एकदाची! (गोंद वाया गेला)

सतरा मिनिटं, एकदाही न अडकता. 'फेअरीपोर्ट' म्हणजे विगवॅम या फिनिश बँडचा डबल अल्बम, दोन तबकड्या, चार बाजू. चौथी बाजू सारखी अडकायची म्हणून मागच्या वेळी ती तबकडी खिडकीतून भिरकावायची भाषा केली होती, ते शब्द मागे.

म्हणजे व्हायचं काय, तर अर्ध्यावर कुठेतरी सुई आधीच्याच खाचेत जायची आणि ड्रमर रॉनी ऑस्टरबर्ग तेच १.८ सेकंद बडवत बसायचा, मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगात एक फेरा तेवढाच असतो. विकणाऱ्यानं व्हीजी प्लस (म्हणजे जुनी पण चांगल्या अवस्थेतली) म्हणून गळ्यात मारलेली, त्यामुळे आधी राग त्याच्यावर. ब्रश झाला, डिस्टिल्ड वॉटर झालं, मग शेवटी गोंद. हेलसिंकीत फेविकॉल कुठला, पण सुतारकामाचा पांढरा गोंद मिळतो, तो लेबल वाचवून पसरला, रात्रभर वाळवला, आणि सकाळी सापाची कात निघावी तशी अख्खी साल निघाली, खाचांच्या ठशांसकट. काय सुख! लावली. अडकली. तिथेच.

भिंगातून बघितलं, चरा नाही. मग रात्री अडीचला डोक्यात आलं की सुई बाहेरच्या बाजूलाच का पळते? बाहेर ओढतं ते अँटीस्केट (टर्नटेबलवरची एक सेटिंग), आणि ते मी ३ वर ठेवलेलं, का ते विचारू नका. टर्नटेबलच्या आर्मवरचा डायल २ ग्रॅम दाखवत होता म्हणून तबकडीवर पडणाऱ्या सुईच्या वजनावर संशयच नव्हता, पण दागिने तोलायच्या छोट्या काट्यावर मोजलं तर १.५! आर्म बॅलन्स करताना सुईचं टोपण काढलंच नव्हतं मी. टोपणाचं अर्धा ग्रॅम वजन, बस. माझ्या व्हीएम९५ई कार्ट्रिजला (सुई बसते तो भाग) २ लागतं. गाढवपणा सगळा माझा, विकणाऱ्याची माफी (अर्धीच, कव्हर फाटकंच होतं). आता वजन २, अँटीस्केट १.५. तो काटा घ्याच, डायलवर विसंबू नका.

आणि मग ऐकली. 'रेव्ह-अप फॉर द रोडीज', लाइव्ह, विगवॅमबरोबर तासावल्लान प्रेसिदेंत्ती या दुसऱ्या फिनिश बँडचा युक्का तोलोनेन गिटारवर. काही लोक ही बाजू भरताड म्हणतात, म्हणोत. आधीच्या तीन बाजूंवर विगवॅमचे गुस्तावसन, पेम्ब्रोक आणि पोहयोला तिघं तीन दिशांना ओढतात, 'हॉट माइस'मध्ये तर पुढच्याच वर्षीचा सोलो पोहयोला स्पष्ट दिसतो, आणि इथे सगळे एकदम मोकळे सुटतात. १९७१ साली लव्ह रेकॉर्ड्ससारख्या छोट्या कंपनीनं असा डबल अल्बम काढू दिला हेच माझ्या मते फिनिश प्रॉगचं (प्रोग्रेसिव्ह रॉकचं) मोठं वळण. कंपनी पुढे १९७९ला बुडाली ती गोष्ट वेगळी.

उद्या चारही बाजू २४/९६ला (२४ बिट, ९६ किलोहर्ट्झ) कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करणार होतो, पण लिहिता लिहिता सुचलं, विगवॅमचीच 'बीइंग'सुद्धा मी चरे आहेत म्हणून कपाटात टाकलीये! तीही याच चुकीच्या वजनावर वाजवलेली. मग आधी ती, डिजिटायझिंग गेलं पुढच्या आठवड्यात.

हिटरनं घरातली हवा कोरडी पडलीये, स्टॅटिकनं स्लिपमॅट (तबकडीखालचं कापड) तबकडीला चिकटून वर येतं. कार्बन ब्रश पुरत नाही, तुम्ही काय करता?